दार-खिडकीचे माप आता संगणकात : सूत्र मात्र कारागिराचेच

(सुतार, ग्रिलवाले आणि अॅल्युमिनियमचे काम करणाऱ्या बांधवांसाठी)

सुताराच्या दुकानात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘‘मिस्त्रीभाई, चार बाय साडेतीनच्या दोन खिडक्या पाहिजेत.’’ अनुभवी मिस्त्री लगेच पेन्सिल उचलत नाही. तो आधी विचारतो, ‘‘चार फूट कशाचे? भिंतीतल्या ओपनिंगचे, चौकटीचे की पल्ल्याचे? आणि प्लास्टर झाले आहे की व्हायचे आहे?’’ गिऱ्हाईक गोंधळते. पण हा प्रश्न विचारला नाही तर खिडकी तयार होऊन जागेवर जाते आणि भिंतीत शिरत नाही, हे मिस्त्रीला ठाऊक असते.

आज इमारतीचे नकाशे ज्या संगणकीय पद्धतीने तयार होऊ लागले आहेत, तिथे हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला आहे. ही पद्धत आपल्या कारागीर बांधवांच्या पोटावर पाय देणारी आहे की हाताला बळ देणारी, हे बऱ्याच अंशी आपण ती किती समजून घेतो यावर अवलंबून आहे. म्हणून तिची माहिती येथे देत आहोत.

नकाशा नव्हे, माहिती

या पद्धतीला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ किंवा थोडक्यात ‘बीआयएम’ म्हणतात. पूर्वीच्या संगणकी नकाशात दोन समांतर रेषा काढल्या की ती भिंत समजायची. संगणकाला ती भिंत आहे हे माहीत नसे. बीआयएममध्ये भिंत ही भिंत असते. तिची जाडी, उंची आणि विटेचा प्रकार तिच्याबरोबर साठवलेला असतो. दार हे दार असते, आणि इमारतीत असे किती दरवाजे आहेत याची यादी एका क्षणात निघते.

हे फक्त परदेशात चालते असे समजण्याचे कारण नाही. गोंदियाहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या नागपूरची मेट्रो २०१९ साली धावू लागली. तिच्या बांधकामात महामेट्रोने ‘पाच मितींचे’ बीआयएम वापरले. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, चौथी वेळ आणि पाचवी खर्च. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्या आल्या, २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा एकेका इमारतीला शेकडो दारे-खिडक्या लागतात. मोठ्या कामाचा ठेकेदार संगणकातून निघालेली यादी हातात देतो आणि भाव मागतो. ती यादी ज्याला वाचता येते, त्याच्याशी पुढची बोलणी होतात.

एकच आकडा, चार अर्थ

आधी जुन्याच विद्येची उजळणी करू. एका दाराला निदान चार रुंद्या असतात. पहिली, भिंतीत गवंड्याने सोडलेल्या ओपनिंगची. दुसरी, चौकटीची बाहेरून बाहेर. तिसरी पल्ल्याची, म्हणजे झडपेची. चौथी, माणूस ज्यातून आत जातो त्या मोकळ्या वाटेची.

भारतीय मानक ब्यूरोने लाकडी चौकटींसाठी ‘आयएस ४०२१’ हे मानक दिले आहे. त्यात दारांना नावे आहेत, उदाहरणार्थ ‘८ डीएस २०’. यातील ८ म्हणजे आठ मॉड्यूल रुंदी. एक मॉड्यूल १०० मिलिमीटरचा, म्हणून ओपनिंग ८०० मिलिमीटर. ‘डी’ म्हणजे दार, ‘एस’ म्हणजे एक पल्ला. दोन पल्ले असतील तर ‘टी’. शेवटचे २० म्हणजे उंची २००० मिलिमीटर.

आता हिशेब पाहा. ओपनिंग ८००. चौकट सहज बसावी म्हणून दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटर फट सोडायची, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे दीड-दीड सूत. चौकट झाली ७९०. चौकटीचे लाकूड ६० मिलिमीटर रुंद धरले तर दोन्ही बाजूंचे १२० वजा जाऊन मोकळी वाट राहते ६७०. पल्ला दोन्हीकडे १५-१५ मिलिमीटर खाचेत बसतो, म्हणून पल्ला ७००.

८००, ७९०, ७००, ६७०. दार एकच आणि रुंद्या चार! नकाशावर कोणी नुसते ‘९००’ लिहून ठेवले आणि ते ओपनिंगचे निघाले, तर वाट उरते फक्त ७७०. पण अपंग व्यक्तींसाठी सुगम्य इमारत बांधायची असेल तर निव्वळ वाटच ९०० मिलिमीटर मागितली जाते. मग ओपनिंग निदान १०३० हवे, आणि उघडा पल्ला वाटेत येत असेल तर त्याहून जास्त. भिंत उभी राहिल्यावर ही चूक कळली तर खर्च कोणाच्या माथी बसतो, हे सांगायला नको.

ताणलेले चित्र आणि नियमाने वाढणारी खिडकी

जुन्या संगणकी नकाशात चार फुटांच्या खिडकीचे चित्र तयार असे. सहा फुटांची हवी असली की काम करणारा ते चित्र आडवे ताणायचा. चित्र ताणले की सगळेच ताणले जाते. अडीच इंची उभे लाकूड पावणेचार इंच होते. कागदावर ते खपून जाते, वखारीत खपत नाही.

सुतार असे कधीच करत नाही. खिडकी रुंद झाली तरी उभे लाकूड अडीच इंचच राहते, आडवे लाकूड लांब होते, पल्ला रुंद होतो आणि खाच तेवढीच राहते. काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, याचा नियम त्याच्या डोक्यात पक्का असतो.

हाच नियम संगणकात लिहून ठेवला की तयार होतो ‘पॅरामेट्रिक’ घटक. पॅरामीटर म्हणजे नाव दिलेले, बदलता येणारे माप. घटकात ओपनिंगची रुंदी बदलली की बाकी सगळी मापे नियमाप्रमाणे आपोआप बदलतात. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये अशा घटकाला ‘फॅमिली’ म्हणतात, आर्किकॅडमध्ये ‘ऑब्जेक्ट’. नाव काहीही असो, आत सुताराचे गणितच असते.

घटक कसा तयार करतात

सॉफ्टवेअरप्रमाणे बटणे बदलतात, पायऱ्या मात्र जवळपास सारख्याच राहतात.

१) दार किंवा खिडकीचा नवा घटक उघडायचा. पुष्कळदा त्यात भिंतीचा एक तुकडा आधीच दिलेला असतो. तो फक्त आधारासाठी असतो.

२) लाकूड काढण्याआधी आधाराच्या रेषा आखायच्या : ओपनिंगची डावी कड, उजवी कड, तळ, माथा आणि मध्य. लाकडाला करवत लावण्याआधी आपण गुण्या धरून पेन्सिलीच्या रेषा मारतो, तसेच हे. ही पायरी गाळून थेट आकार काढणाऱ्याचा घटक पुढे हमखास मोडतो.

३) मापांना नावे द्यायची. बदलणारी मापे : ओपनिंगची रुंदी व उंची. आपल्या दुकानाची ठरलेली मापे : फट ५, लाकूड ६०, खाच १५. ठरलेल्या मापांनाही नाव द्यावे. उद्या ७५ मिलिमीटरचे लाकूड वापरायचे झाले तर एकाच जागी आकडा बदलावा लागतो.

४) सूत्रे लिहायची :

चौकट = ओपनिंग − (२ × फट)
मोकळी वाट = चौकट − (२ × लाकूड)
पल्ला = मोकळी वाट + (२ × खाच)

५) आता चौकट व पल्ल्याचे घन आकार काढून त्यांच्या कडा आधाराच्या रेषांना कुलूपबंद करायच्या. रेषा सरकली की लाकूड तिच्यामागे सरकले पाहिजे.

६) भिंतीला पडणारा छेदही त्याच रेषांना बांधायचा. आपल्याकडे साडेचार इंची भिंत असते, नऊ इंचीही असते. म्हणून छेद भिंतीची जाडी ओळखून आरपार जाईल असा ठेवायचा.

७) परीक्षा घ्यायची. रुंदी ६०० करून पाहा, मग ९००, मग १५००. प्रत्येक वेळी चौकट, पल्ला आणि छेद बरोबर बदलतात का, ते तपासा. ही परीक्षा न घेता घटक दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे बिजागरीवर न तोलता दार पाठवून देण्यासारखे आहे.

८) शेवटी नेहमीच्या मापांच्या ‘जाती’ तयार करून ठेवायच्या : ८ डीएस २०, ९ डीएस २०, वगैरे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. काही मापे जातीची असतात आणि काही नगाची. रुंदी जातीची असेल आणि तुम्ही एका खिडकीसाठी ती बदलली, तर त्या जातीच्या सगळ्या तीस खिडक्या बदलतात. जमिनीपासून खिडकीची उंची मात्र साधारणतः नगाची ठेवतात, कारण स्वयंपाकघरात ती वर असते आणि बैठकीत खाली. कोणते माप कोणात टाकायचे, हे आधी ठरवले नाही तर संगणक चूकही तीस पटीने करतो.

ग्रिलवाल्यांसाठी एक उदाहरण

ग्रिलचे काम करणाऱ्याला रोज पडणारा प्रश्न म्हणजे गज किती लागतील? समजा दोन गजांमधली मोकळी जागा १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि गज १२ मिलिमीटरचे आहेत. मग सूत्र असे होते : आतल्या रुंदीतून १०० वजा करा, ११२ ने भागा आणि उत्तर वरच्या पूर्ण आकड्याला न्या.

ओपनिंग १२०० असेल तर चौकट ११९०, आतली रुंदी १०७०. १०७० − १०० = ९७०. त्याला ११२ ने भागले तर ८.६६, म्हणजे ९ गज. मधली प्रत्येक जागा ९६.२ मिलिमीटर. ओपनिंग १५०० केले तर आतली रुंदी १३७०, गज १२ आणि जागा ९४.३. हे सूत्र घटकात एकदा लिहिले की रुंदी बदलताच गजांची संख्या बदलते आणि जागा सारख्या वाटल्या जातात. चाळीस खिडक्यांना किती लोखंड लागेल, हे कोटेशन देण्याआधीच कळते.

सूत्रात ‘जर-तर’ही लिहिता येते. रुंदी १५०० पेक्षा जास्त असेल तर तीन पल्ले, नाही तर दोन. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत पल्ला किती आत शिरतो आणि मध्ये एकावर एक किती चढतो, हे सेक्शनप्रमाणे बदलते. ते आकडे आपण वापरतो त्याच सेक्शनचे घ्यावेत, दुसऱ्याच्या घटकातले घेऊ नयेत.

छेद वेगळा, दार वेगळे

निरनिराळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांची भाषा समजावी म्हणून ‘आयएफसी’ नावाची खुली पद्धत आहे. २०१३ मध्ये ती ‘आयएसओ १६७३९’ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात भिंतीतला छेद ही एक वस्तू आहे आणि त्या छेदात बसणारे दार ही दुसरी. छेद भिंतीला पाडतो आणि दार छेदाला भरते, अशी दोन नाती त्यात नोंदवलेली असतात.

हे कारागिराच्या फायद्याचे आहे. गवंड्याला छेदांची यादी द्यावी, सुताराला भरणाऱ्या वस्तूंची. दोघांच्या याद्यांत आकडे वेगळे असणारच. फरक फटीचा आहे की चुकीचा, हे मात्र लगेच ताडता येते.

याच यादीतून लाकडाचा अंदाजही निघतो. ८ डीएस २० च्या चौकटीत १९९० मिलिमीटरची दोन उभी लाकडे आणि ७९० चे एक आडवे, मिळून ४.७७ मीटर. लाकूड १०० × ६० चे असेल तर हे होते एक घनफुटाहून किंचित जास्त. कापणीतली घट आणि सांध्यांसाठीची जास्तीची लांबी वेगळी धरावी. वीस दारे म्हणजे सुमारे वीस घनफूट, अधिक घट. सागवानाचा आजचा भाव लावला की आपली रक्कम समोर येते.

जे संगणकाला माहीत नसते

येथवर वाचून कोणाला वाटेल की आता सारे संगणकच करील. तसे नाही. तयार घटक पुष्कळ मिळतात, परंतु त्यांतले बरेच परदेशातल्या बांधकामाला धरून बनवलेले असतात. त्यांत ‘रुंदी’ म्हणजे कुठे पल्ला असतो, कुठे भिंतीचा छेद. घटक वापरण्याआधी ते उघडून पाहावे.

प्लास्टरचेच घ्या. विटकामात १२०० चे ओपनिंग आहे. दोन्ही बाजूंना १२-१२ मिलिमीटर प्लास्टर चढले की उरतात ११७६. लाकडी चौकट पुष्कळदा प्लास्टरच्या आधी बसते, अॅल्युमिनियमची खिडकी नंतर. नकाशातल्या १२०० वरून ११९० ची अॅल्युमिनियम खिडकी बनवली तर ती आत जाणार नाही. फ्रेम कापून लहान करता येईलही, परंतु टफन केलेली काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, ती फुटते. म्हणून प्लास्टरची जाडी हाही एक पॅरामीटर ठेवावा : अॅल्युमिनियमसाठी १२, आधी बसणाऱ्या लाकडी चौकटीसाठी शून्य.

दुसरी गोष्ट पावसाची. आपल्या धानाच्या मुलखात पावसाळाभर हवा ओली असते. लाकूड आडव्या रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला पल्ला श्रावणात अडकतो. ही सैल किती ठेवायची हे सागवानाला वेगळे, दुसऱ्या लाकडाला वेगळे, सुकलेल्या मालाला वेगळे. ते मिस्त्रीच्या हातालाच ठाऊक असते. सूत्रात ‘सैल’ नावाचे माप ठेवावे आणि आकडा मिस्त्रीला विचारून भरावा.

आणि शेवटी, कापणी करण्याआधी जागेवर जाऊन टेप लावणे सुटत नाही. भिंत ओळंब्यात नसेल तर वर, मध्ये व खाली अशी तीन मापे घेऊन सर्वांत लहान माप धरावे. संगणकाचे माप हे ठरावाचे माप असते, टेपचे माप खरे.

शिकावे कसे, खर्च किती

रेव्हिट आणि आर्किकॅड ही पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअर आहेत. रेव्हिट २००० साली बाजारात आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ते विकत घेतले. त्याच्या चोरलेल्या प्रती बाजारात फिरतात. दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी करून हलाल रोजी मिळत नाही, शिवाय त्यांतून संगणकाला रोग लागतो तो निराळाच. विद्यार्थ्यांना मिळणारी मोफत प्रत शिकण्यासाठी असते, तिच्यावर धंद्याचे काम करू नये.

ज्याला खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी ‘फ्रीकॅड’ आहे. ते पूर्णपणे मोफत व खुले आहे आणि धंद्यासाठी वापरण्यासही मोकळीक आहे. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्यात बीआयएमची साधने आहेत, मापांना नावे देता येतात आणि सगळी सूत्रे एका तक्त्यात लिहून खिडकीला जोडता येतात. ते आयएफसीही वाचते व लिहिते.

घरात आयटीआय किंवा पॉलिटेक्निक शिकलेला मुलगा वा मुलगी असेल तर संगणकावर त्यांनी बसावे. सूत्र मात्र वडिलांनी सांगावे. मुलाला बटणे येतात, पण खाच पाच सूत का घ्यायची ते येत नाही. वडिलांना ते येते, पण लिहून ठेवलेले नसते. दोघे एका बाकावर बसले तर दुकानाची विद्या लिहिली जाईल. नाही बसले तर वडिलांचे सूत्र त्यांच्याबरोबर जाईल आणि मुलगा दुसऱ्याने लिहिलेल्या मापाने लाकूड कापत राहील. सुरुवात एका साध्या खिडकीपासून करावी. ती सर्व मापांना नीट वागू लागली की मग दार, मग सरकती खिडकी, मग ग्रिल.

आणखी एक गोष्ट. ऑर्डर घेताना ‘रुंदी १२००’ एवढेच लिहू नये. ‘ओपनिंग प्लास्टरनंतर ११७६, चौकट ११६६’ असे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफने सूरह बकरामध्ये दिली आहे. भांडण झाल्यावर साक्षीदार शोधण्यापेक्षा आधी एक ओळ लिहिणे सोपे असते.

हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करीत, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले, आणि चिलखत घडवताना कड्या मापात जोडण्याचा हुकूम दिला, हे सूरह सबामध्ये आहे. म्हणजे पैगंबरांच्या हातालाही हुनराबरोबर मापाची शिस्त सांगितली गेली. औजार रंधा असो की संगणक, ती शिस्त तीच आहे. आपल्या दुकानातल्या एका खिडकीचे सूत्र आजच वहीत उतरवा. संगणक उद्या घेतला तरी चालेल.